गालाची दोन हाडं सारखी असतात का? सीटीवर मोजायची रीत

आमच्या विभागातल्या लोखंडी कपाटात कापसात गुंडाळलेली एक कवटी आहे. एमडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर शिक्षणाला, नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात ती टेबलावर काढून देते, हातात व्हर्नियर देते आणि दोन्ही गालांच्या कमानींमधलं जास्तीत जास्त अंतर मोजायला सांगते. यंदाच्या मुलाने मोजलं, १२८.४ मिलिमीटर. म्हटलं, परत मोज. १२७.९. जेवून आल्यावर पुन्हा मोजायला लावलं, तर १२८.८. कवटी तीच, व्हर्नियर तोच, हात तोच. तो जरा खट्टू झाला. "मॅडम, नक्की कुठला आकडा लिहू?" मी म्हटलं, तिन्ही लिही, आणि तिन्हींत किती फरक पडला तेही लिही. आपल्या सगळ्या कामाचा पाया तोच आहे.

उजवं आणि डावं गालाचं हाड सारखं आहे का, हे विचारायच्या आधी आपला हात किती हलतो हे ठाऊक पाहिजे. ते ठाऊक नसेल तर स्क्रीनवर दिसणारा मिलिमीटरभराचा फरक रुग्णाचा की आपला, हे कुणीच सांगू शकत नाही. हा लेख त्यासाठीच लिहिते आहे. वाचणारे मुख्यतः दंत आणि मुखशल्य शाखेचे विद्यार्थी, रेडिओलॉजीतले तंत्रज्ञ आणि मानवशास्त्राचे अभ्यासक असतील असं धरलं आहे. गालाला मार लागल्यावर रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या घरच्यांनाही यातलं बरंच समजेल.

पुण्यात बसून हा विषय शिकवताना एक नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इरावती कर्वे आपल्याला माहीत असतात त्या लेखिका म्हणून, डेक्कन कॉलेजातल्या प्राध्यापक म्हणून. १९२७ साली त्या बर्लिनला गेल्या आणि तिथे त्यांनी पीएचडीसाठी जो विषय केला तो होता माणसाच्या कवटीची सामान्य असममिती. म्हणजे निरोगी कवटीतसुद्धा उजवी-डावी बाजू किती आणि कशी वेगळी असते, हाच. त्यांनी १४९ कवट्या तपासल्या. असममितीचा वंशाशी संबंध असणार, असं त्यांच्या मार्गदर्शकाचं म्हणणं होतं. मोजमापांत तो संबंध दिसला नाही, आणि इरावतीबाईंनी दिसलं तेच लिहिलं. सीटी नव्हता, कॉम्प्युटर नव्हता. कवटी, मोजपट्टी आणि आकड्यांशी इमान एवढंच भांडवल होतं. आज आपल्याकडे सीटीच्या अर्ध्या मिलिमीटरच्या स्लाइस, म्हणजे आडव्या कापांची चित्रं आहेत, तरी त्यांच्या प्रबंधाच्या विषयातला 'सामान्य' हा शब्द आपण विसरतो आणि फरक दिसला की दोष शोधायला लागतो.

आधी हाडाची ओळख

गालाचं हाड, म्हणजे आमच्या भाषेत झायगोमा, हे चार हाडांना जोडलेलं असतं. वर भुवईच्या बाहेरच्या टोकाशी कपाळाच्या हाडाला, आतल्या बाजूला वरच्या जबड्याला, मागे कानशिलाच्या हाडाला, आणि डोळ्याच्या खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत स्फेनॉइड या कवटीच्या तळाच्या हाडाला. कानशिलाच्या हाडाकडे जाणारा भाग म्हणजे झायगोमॅटिक आर्च, म्हणजेच कमान. कानासमोर बोट ठेवून गालाकडे सरकवलं तर ती लागते. चावायचा मॅसेटर हा दणकट स्नायू याच कमानीला धरून खाली उतरतो.

या हाडाबद्दल 'फरक आहे' असं म्हणताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी बोलत असतो. एका बाजूचं हाड आकाराने लहान-मोठं असेल. आकार सारखा पण जागा वेगळी असेल, म्हणजे एक बाजू जरा मागे किंवा खाली बसलेली. किंवा आकार आणि जागा जवळपास सारखी, पण हाड स्वतःभोवती किंचित फिरलेलं. तिन्हींची मापं वेगळी घ्यावी लागतात. मापाला हात घालायच्या आधी यातलं आपल्याला काय हवं आहे ते एका ओळीत कागदावर लिहून ठेवा.

कुणाचा स्कॅन घ्यायचा

निव्वळ सममिती मोजायची म्हणून निरोगी माणसाचा सीटी काढायचा नाही. डोक्याच्या सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जगभराच्या सरासरीने माणसाला निसर्गातून वर्षभरात मिळतो तो सुमारे २.४. म्हणजे जवळजवळ वर्षभराचा हिस्सा काही सेकंदांत. लग्नाच्या फोटोत डावा गाल बसलेला दिसतो म्हणून सीटी मागणारे येतात, त्यांना मी आरशासमोर बसवून समजावते आणि परत पाठवते. हातभर अंतरावरून काढलेला मोबाइलचा फोटो चेहरा तसाही वेडावाकडा दाखवतो. कॅमेऱ्याच्या जवळची बाजू मोठी दिसते.

अभ्यासासाठी दुसऱ्या कारणाने आधीच निघालेले स्कॅन वापरायचे, आणि त्यालाही संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. नाव, नोंदणी क्रमांक, जन्मतारीख फाइलमधून काढून टाकायची. इथे एक गोष्ट निसटते. डायकॉममधलं, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलमधलं, नाव पुसलं तरी त्याच स्कॅनवरून चेहऱ्याच्या कातडीचं थ्रीडी मॉडेल बनवता येतं, आणि ओळखीचा माणूस ते बघून ओळखतो. त्यामुळे प्रेझेंटेशनमध्ये हाडाचंच मॉडेल दाखवा.

स्कॅन निवडताना कुठून कुठपर्यंत निघाला आहे ते बघा. साइनससाठी काढलेल्या सीटीचं फील्ड, म्हणजे चित्रात येणारं क्षेत्र, बरेचदा लहान ठेवलेलं असतं. गालाचा पुढचा भाग येतो, पण कमान बाहेर कापली जाते आणि कानाचं छिद्र तर येतच नाही. पुढे डोकं सरळ करायला ते छिद्र लागणार आहे. पूर्वी चेहऱ्याला मार लागलेला, जबड्याचं ऑपरेशन झालेला, जन्मतः एक बाजू कमी वाढलेला रुग्ण 'सामान्य' गटात घ्यायचा नाही. हे केस पेपरवर नसतं, माणसाला विचारावं लागतं. लहानपणी सायकलवरून पडलेला माणूस ते विसरलेला असतो, त्याची आई विसरलेली नसते.

फाइल मागताना

फिल्म नको, फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो तर नकोच. त्यात माप नसतं. सेंटरवर जाऊन डायकॉम मागा, आणि नुसतं 'डायकॉम द्या' असंही म्हणू नका. असं म्हणा: पातळ स्लाइस, एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी, बोन आणि सॉफ्ट, म्हणजे हाडासाठीचं आणि मऊ भागांसाठीचं, दोन्ही रिकन्स्ट्रक्शन. अपघाताच्या रात्री मेंदू बघण्यासाठी काढलेल्या सीटीच्या ५ मिलिमीटरच्या स्लाइस सीडीवर मिळतात. त्यांच्यावर गालाचं हाड मोजणं म्हणजे जिन्याच्या पायऱ्यांवरून डोंगराचा उतार मोजणं. पातळ स्लाइस मशीनवरच्या मूळ डेटातून नंतर काढता येतात, पण तो डेटा थोडेच दिवस ठेवलेला असतो. म्हणून उशीर करू नका.

फील्ड २२० मिलिमीटर रुंद आणि त्यात एका ओळीत चौकटी (पिक्सेल) ५१२ असतील तर एक चौकट ०.४३ मिलिमीटरची होते. त्याहून बारीक माप दशांशात दिसलं तरी ते सॉफ्टवेअरने मधलं भरलेलं असतं, हे लक्षात असू द्या. गॅन्ट्री, म्हणजे मशीनचं गोल कडं, तिरकी ठेवून काढलेला स्कॅन शक्यतो घेऊ नका. दाताच्या दवाखान्यातला सीबीसीटी (शंकूच्या आकाराच्या किरणांचा सीटी) चालतो, पण दोन अटींवर: दोन्ही कमानी पूर्ण आलेल्या असाव्यात, आणि त्यातल्या राखाडी छटांना हाउन्सफील्ड आकडे, म्हणजे सीटीतलं घनतेचं माप, समजायचं नाही. खरे हाउन्सफील्ड आकडे, ज्यात पाणी शून्य आणि हवा उणे १०००, ते सीटीतच भरवशाचे.

उजवं कुठलं, डावं कुठलं

हसू नका, हीच चूक सगळ्यात महाग पडते. रेडिओलॉजीच्या स्क्रीनवर रुग्णाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते. पोटाच्या सीटीत यकृत बघून खात्री करता येते, कवटीत असं काहीच नसतं. त्यात एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मॉडेल नेताना अक्षांच्या दिशा बदलतात, आणि आपण तर पुढे मुद्दाम आरशातली प्रतिमा बनवणार आहोत.

एका केसमध्ये मी स्वतः पूर्ण दुपार घालवून मापं घेतली होती. रुग्ण समोर आल्यावर कळलं की बाजू उलट्या झाल्या आहेत. ऑपरेशनच्या आधी कळलं एवढंच नशीब. तेव्हापासून एकच नियम पाळते. स्कॅन उघडल्याबरोबर त्या माणसाची एका बाजूलाच असलेली एक खूण शोधायची, म्हणजे उजवीकडे खालची दाढ काढलेली, डावीकडे धातूची कॅप. ती केस पेपरशी ताडून वहीत लिहायची. पुढे प्रत्येक वेळी फाइल बदलली की आधी ती दाढ बघायची.

हाड वेगळं काढणं

यासाठी थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. ते संशोधनासाठी आहे, रुग्णावरच्या निर्णयासाठी मान्यताप्राप्त नाही, हे विद्यार्थ्यांनी पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं. त्याच्या सेगमेंट एडिटरमध्ये थ्रेशोल्ड लावायचा, म्हणजे कुठल्या आकड्याच्या वरचं सगळं हाड धरायचं ते ठरवायचं. हाडासाठी २०० ते ३०० हाउन्सफील्डच्या आसपास सुरुवात करा आणि कडा मूळ स्लाइसवर ताडून बघा. थ्रेशोल्ड वाढवला की हाड बारीक होतं, कमी केला की फुगतं. दोन्ही बाजूंना तोच आकडा असेल तर उजव्या-डाव्यातल्या फरकावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. गडबड होते ती एक बाजू छान दिसत नाही म्हणून तेवढीच हाताने रंगवली तर. तिथे आपणच असममिती तयार करतो.

वरच्या जबड्याची पुढची भिंत आणि खोबणीचा तळ इतके पातळ असतात की मॉडेलमध्ये तिथे भोकं दिसतात. ती खरी भोकं नसतात, आणि आपल्याला त्या भागावर मोजायचंही नाही. दातांतल्या चांदीच्या आणि धातूच्या भरणांमुळे पट्टे आले असतील तर ते बहुधा दातांच्या पातळीवर राहतात. गालाच्या हाडाच्या खालच्या कडेपर्यंत आले असतील तर तो स्कॅन बाजूला ठेवा.

डोकं सरळ करणं

मशीनमध्ये डोकं कधीच अगदी सरळ नसतं. अपघातातल्या माणसाच्या मानेला पट्टा असतो, म्हातारी माणसं उशीवर कलतात. डोकं नुसतं १ अंश वळलेलं असेल आणि दोन कमानींमधलं अंतर १३० मिलिमीटर असेल, तर एक कमान दुसरीपेक्षा साधारण २.३ मिलिमीटर पुढे दिसते. हाड सारखंच, पण स्क्रीनवर फरक! कित्येक 'बसलेले' गाल या एका अंशातून जन्माला येतात.

म्हणून आधी फ्रँकफर्ट पातळी (प्रतल) बांधायची. १८८० च्या दशकात फ्रँकफर्टला मानवशास्त्रज्ञांनी ठरवलेली ही पातळी अजून चालते: दोन्ही कानांच्या हाडी छिद्रांचा वरचा काठ आणि डोळ्याच्या खोबणीचा सर्वात खालचा बिंदू. बिंदू एकूण चार होतात, दोन कान आणि दोन डोळे, पण पातळी तीनच बिंदूंनी ठरते. रूढ पद्धतीत दोन कान आणि डावा डोळा घेतात, कारण चारही बिंदू एका पातळीत येतीलच असं नाही. चेहरा मुळातच सममित नसतो, हे मोजायला सुरुवात करण्याआधीच दिसतं ते इथे.

मधली पातळी: सगळा कस इथे लागतो

उजव्या-डाव्याची तुलना करायची तर मध्य कुठे ते ठरवायला हवं. बहुतेक प्रबंधांत या पायरीला दोन ओळी मिळतात. मला विचाराल तर निम्मा वेळ इथे द्यावा.

स्क्रीनवर कपाळापासून मानेपर्यंत एकेक स्लाइस सरकवत जा. नाकाचा पडदा दिसेल, बऱ्याच जणांत एका बाजूला झुकलेला. वर मेंदूच्या तळाशी कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उभा हाडाचा उंचवटा दिसेल, क्रिस्टा गॅली. तोही काही जणांत कललेला असतो. नाकाच्या तळाचा काटा दातांच्या आणि जबड्याच्या वाढीबरोबर सरकलेला असू शकतो. म्हणजे ज्या खुणांना आपण 'मधल्या' म्हणतो त्याच मध्यावर नाहीत. गावाची हद्द ठरवायला दगड बघावेत आणि दगडच कुणी हलवलेले असावेत, तशी गत.

साधी पद्धत अशी: नाकाच्या मुळाशी जिथे कपाळाचं आणि नाकाचं हाड मिळतं तो नेझिअन, आणि कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्राच्या पुढच्या काठावरचा बेसिअन, या दोन बिंदूंतून फ्रँकफर्ट पातळीला काटकोनात जाणारी पातळी. कवटीचा तळ चेहऱ्यापेक्षा मारापासून सुरक्षित असतो, म्हणून बेसिअन घ्यायचा. नाकाचा पडदा आणि नाकाचा काटा घ्यायचा नाही. पण हिशेब करून बघा. या दोन बिंदूंमधलं अंतर साधारण १०० मिलिमीटर. एक बिंदू अर्धा मिलिमीटर उजवीकडे आणि दुसरा अर्धा मिलिमीटर डावीकडे पडला, तर पातळी अर्ध्या अंशाहून जरा जास्त फिरते आणि दोन कमानींच्या पुढे-मागे असण्यात १.३ मिलिमीटरचा खोटा फरक घुसतो. अर्धा मिलिमीटर म्हणजे एक चौकट. माऊस तेवढा सगळ्यांचाच हलतो.

दुसरी पद्धत जास्त कष्टाची, पण मी तीच वापरते. अख्ख्या कवटीच्या मॉडेलची आरशातली प्रत बनवायची. मूळ मॉडेल आणि ती प्रत एकमेकांवर बसवायची, आणि बसवताना कपाळ, कवटीचा तळ, कानामागचा भाग असे स्थिर भागच वापरायचे. हे काम आयसीपी नावाची गणिती पद्धत करते. बेसल आणि मॅके यांनी ती १९९२ मध्ये मांडली. ती एका पृष्ठभागावरच्या बिंदूला दुसऱ्यावरचा सर्वात जवळचा बिंदू शोधते, मॉडेल थोडं हलवते आणि अंतर कमी व्हायचं थांबेपर्यंत हेच करत राहते. नीट बसल्यावर प्रत्येक मूळ बिंदू आणि त्याचं प्रतिबिंब यांच्या मधोमध जाणारी जी पातळी निघते, ती आपली मधली पातळी. इथे दोन-तीन बिंदूंच्या नशिबावर काही अवलंबून नसतं, हजारो बिंदू मिळून मध्य ठरवतात.

यात एक सापळा आहे. मॉडेल एकमेकांवर बसवताना गालाची हाडंही आत ठेवली, तर गणित त्यांच्यातला फरक सगळ्या कवटीवर वाटून टाकतं. जो फरक मोजायचा तोच पातळ होतो. ज्याचं मोजमाप करायचं त्याला मध्य ठरवण्याच्या कामातून बाहेर ठेवा.

खुणा लावणं

माझ्या पसंतीच्या खुणा मोजक्याच आहेत. भुवईच्या बाहेरच्या टोकाशी कपाळाचं आणि गालाचं हाड जुळतं ती शिवण. गालाचं हाड आणि वरचा जबडा यांच्या शिवणीचा सर्वात खालचा बिंदू. खोबणीच्या खालच्या काठाचा सर्वात खालचा बिंदू. आणि कमानीचा सर्वात बाहेर आलेला बिंदू, झायगिअन.

शिवणीवरच्या खुणा दोन वेगळ्या माणसांनी लावल्या तरी जवळजवळ येतात, कारण तिथे बघायला काहीतरी असतं. गालाचा उंचवटा मात्र फसवा. गुळगुळीत टेकडीवर सर्वात उंच जागा दाखवा म्हटलं तर प्रत्येकाचं बोट वेगळीकडे जाईल. म्हणून तो बिंदू डोळ्यांनी लावू नका. डोकं सरळ केल्यावर सॉफ्टवेअरलाच विचारा की या हाडावरचा सर्वात पुढे आलेला, सर्वात बाहेर आलेला बिंदू कुठला. झायगिअनही असाच शोधा. खूण थ्रीडी मॉडेलवर लावली की तिन्ही दिशांच्या स्लाइसवर जाऊन बघायची सवय ठेवा. मॉडेलवर ती हाडावर बसलेली दिसते आणि स्लाइसवर हवेत लटकलेली निघते.

आकडे कुठले घ्यायचे

दोन प्रकारची मापं घ्या. पहिल्यात मधल्या पातळीचा संबंधच नाही: एकाच बाजूच्या दोन खुणांमधलं अंतर. उदाहरणार्थ, भुवईजवळची शिवण ते जबड्याजवळच्या शिवणीचा खालचा बिंदू, उजवीकडे आणि डावीकडे. डोकं वळलेलं असो, मध्य चुकलेला असो, हे अंतर बदलत नाही. ते हाडाच्या आकाराबद्दल बोलतं. दुसऱ्यात प्रत्येक खुणेचं मधल्या पातळीपासून, फ्रँकफर्ट पातळीपासून आणि पुढे-मागे असं अंतर. ते जागेबद्दल बोलतं.

समजा, एका स्कॅनवर उजवा झायगिअन मध्यापासून ६५.८ मिलिमीटर आणि डावा ६४.२. फरक १.६, सरासरी ६५.०. फरकाला सरासरीने भागून १०० ने गुणलं की २.४६ टक्के. हा असममिती निर्देशांक. प्रबंधात तो शोभतो, पण मिलिमीटरही शेजारी लिहाच, कारण त्याच १.६ मिलिमीटरचे २० मिलिमीटरच्या मापात ८ टक्के होतात आणि वाचणारा घाबरतो.

उजव्यातून डावं वजा करताना चिन्ह टाकून देऊ नका. बरेच जण फक्त किती फरक ते लिहितात, अधिक की उणे ते लिहीत नाहीत. चिन्ह ठेवलं तर पूर्ण गटाची सरासरी सांगते की सगळ्यांत एकच बाजू मोठी असण्याचा कल आहे का. चिन्ह सोडून दिलं तर सरासरी कधीच शून्य येत नाही, हाडं तंतोतंत सारखी असली तरी. नुसत्या हाताच्या चुकीतूनही 'असममिती' तयार होते.

रंगीत नकाशा

खुणा चार-पाचच. मधल्या हाडाचं काय? त्यासाठी मधल्या पातळीवर आरसा धरून उजवं हाड डावीकडे न्यायचं आणि दोन पृष्ठभागांतलं अंतर रंगात बघायचं. आरशातल्या मॉडेलचे पृष्ठभाग आतून-बाहेर उलटले नाहीत ना तेवढं तपासा. हिरवा म्हणजे जुळलं, लाल म्हणजे बाहेर, निळा म्हणजे आत. चित्र देखणं निघतं आणि म्हणूनच जपून वापरायचं. आरसा १ अंश कलला तर प्रतिबिंब २ अंश फिरतं, आणि फिरण्याच्या अक्षापासून ६० मिलिमीटरवरचं हाड २ मिलिमीटर सरकतं. आरसा अर्धा मिलिमीटर बाजूला गेला तर प्रतिबिंब पूर्ण मिलिमीटर जातं. आरसा आपली चूक दुप्पट करून दाखवतो.

रंगांची पट्टी किती मिलिमीटरची आहे ते चित्राशेजारी छापलं नसेल तर तो नकाशा कुणाचाही स्वीकारू नका. पट्टी अर्ध्या मिलिमीटरवर आणली की प्रत्येक चेहरा लालभडक होतो.

पुन्हा मोजणं

आता पुन्हा त्या कपाटातल्या कवटीकडे. दहा स्कॅन घ्या. सगळी मापं करा, वही बंद करा, दोन आठवडे जाऊ द्या. मग तेच दहा स्कॅन क्रम बदलून, जुने आकडे न बघता, पहिल्या पायरीपासून पुन्हा. डोकं सरळ करणं आणि मध्य ठरवणंही पुन्हा. फक्त खुणा पुन्हा लावून 'माझी अचूकता उत्तम' म्हणणारे मध्याची चूक मोजतच नाहीत. आणि ती चूक दुप्पट असते: मध्य ०.४ मिलिमीटर डावीकडे गेला की उजवं माप ०.४ ने वाढतं, डावं ०.४ ने घटतं, फरक ०.८ ने बदलतो. म्हणून उजव्या मापाची वेगळी, डाव्या मापाची वेगळी चूक काढण्यापेक्षा 'उजवं वजा डावं' याच आकड्याची चूक काढा.

समजा, दहा स्कॅनमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या वेळच्या फरकांत अशी तफावत आली: ०.६, उणे ०.८, ०.४, ०.२, उणे १.०, ०.५, ०.९, उणे ०.४, ०.१, उणे ०.७. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज ३.९२. दोनदा मोजण्यातली चूक काढायच्या डालबर्गच्या सूत्राप्रमाणे ती स्कॅनच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे २० ने भागायची: ०.१९६. वर्गमूळ ०.४४. ही आपल्या हाताची चूक. तिला १.९६ ने गुणलं की ०.८७ मिलिमीटर, ही आपल्या मोजमापाची मर्यादा. याच्या आत येणारा फरक हाडाचा आहे असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही. वरचा १.६ मिलिमीटरचा फरक मात्र याच्या बाहेर आहे, तो खरा आहे. खरा आहे म्हणजे आजार आहे असं नव्हे. निरोगी माणसांत एक-दोन मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो. सहकाऱ्याकडून हीच दहा मोजून घ्या. दोघांच्या आकड्यांत एकच जण सातत्याने जास्त मोजत असेल तर खुणेची व्याख्या दोघांनी वेगळी समजून घेतली आहे, बसून ती नीट लिहा.

आपल्या जिल्ह्यातलंच एक उदाहरण विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातले सांगाडे अभ्यासले. जमिनीत हजारो वर्षं पुरलेली कवटी मातीच्या भाराने दबून वाकडी होऊ शकते. उत्खननातल्या कवटीवर दिसणारी असममिती त्या माणसाची की मातीची, हे मोजणाऱ्याला ओळखावं लागतं. आपल्याकडे मातीच्या जागी वळलेलं डोकं आणि हललेला माऊस आहे.

मार लागलेल्या रुग्णात

पुण्यात गालाचं हाड मोडायला दुचाकी पुरते. अर्धं हेल्मेट गाल झाकत नाही, त्यामुळे डोकं वाचतं आणि गाल आपटतो. पहिल्या काही तासांत सूज चढते आणि बसलेला गाल भरलेला दिसतो. सूज उतरल्यावर, आठवडाभराने, घरचे म्हणतात की चेहरा आता वेगळा दिसतो आहे. म्हणून सुजेवर विसंबू नका. डोळ्याखाली, नाकपुडीच्या बाजूला, वरच्या ओठाला बधिरपणा, एकाच्या दोन वस्तू दिसणं, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मुखशल्यचिकित्सकाला दाखवा.

अशा केसमध्ये चांगली बाजू आरशातून मोडक्या बाजूवर नेऊन हाड कुठे बसवायचं ते ठरवतात, मॉडेल छापून त्यावर प्लेट आधीच वाकवून ठेवतात. ही पद्धत फार उपयोगाची आहे. पण चांगली बाजू म्हणजे मोडक्या बाजूची जुनी प्रत नव्हे. त्या माणसाचे दोन गाल अपघाताआधीही दीड मिलिमीटरने वेगळे असतील, तर आरसा आपल्याला दीड मिलिमीटर चुकीच्या जागी नेतो. म्हणून आरशातली जागा एका बाजूला आणि हाडाच्या तुटलेल्या कडा दुसऱ्या बाजूला ठेवून बघा. विशेषतः खोबणीच्या बाहेरच्या भिंतीत गालाचं हाड आणि स्फेनॉइड जुळतात ती लांब कड. हाड फिरून बसलं असेल तर ती सगळ्यात आधी सांगते. कडा आणि आरसा यांचं जुळलं नाही तर मी कडांचं ऐकते. दोन्ही गाल मोडले असतील तर आरशाचा उपयोगच नाही.

रिपोर्टात काय लिहायचं

'डावा झायगोमा लहान' असं लिहू नका. असं लिहा: "डावा झायगिअन मधल्या पातळीपासून उजव्यापेक्षा १.६ मिलिमीटर आत. मोजमापाची मर्यादा ०.८७ मिलिमीटर. मध्य कवटीच्या स्थिर भागांवरून ठरवला, गालाची हाडं वगळून. स्लाइस ०.६ मिलिमीटर. बाजूची खात्री उजव्या खालच्या काढलेल्या दाढेवरून." पाच छोटी वाक्यं, पण दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाला हे माप पुन्हा घेता येईल. खुणांची फाइल आणि मधल्या पातळीचे आकडे स्कॅनसोबतच ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवर एकटे नकोत.

यंदाच्या त्या मुलाने मागच्या आठवड्यात दहा स्कॅनची दुसरी फेरी पूर्ण केली. त्याची मर्यादा १.३ मिलिमीटर आली. मधल्या पातळीपाशी तो अजून घाई करतो. सोमवारी तिसरी फेरी आहे.